टायर घासू की कोटिंग सांभाळू?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी नवी गाडी घेतली. अलॉय व्हील आहेत, डायमंड कट. पाडव्याला हौसेनं गाडीला आणि चाकांना सिरॅमिक कोटिंग करून घेतलं, बऱ्यापैकी पैसे गेले. कोटिंग करणाऱ्या मुलानं बजावलंय, ‘काका, चाकांना शांपूशिवाय काही लावायचं नाही.’ पण टायर महिन्याभरात चहाच्या रंगाचे होतात आणि शांपूनं तो रंग हलत नाही. टायर क्लीनर मारला की निघतो, पण तो ओघळून अलॉयवर येतो. वडील म्हणतात, कपड्यांची पावडर आणि काथ्या घे. वॉशिंगवाला म्हणतो, डिझेलचा हात मारतो, आरशासारखे दिसतील. मी कोणाचं ऐकू? आणि हा रंग येतो कुठून? आमची गाडी काही रोज त्र्यंबकच्या तांबड्या चिखलात जात नाही, कॉलेज रोडच्या पुढेही क्वचित जाते.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीचा निम्मा ताप उतरतो.

तो रंग चिखलाचा नाही. तो टायरच्या पोटातून येतो. हवेतला ओझोन वायू रबराचा वैरी. अगदी थोडा असला तरी ताणलेल्या रबराला तो चिरा पाडतो. म्हणून टायर बनवतानाच त्यात मेण आणि ओझोनला तोंड देणारं एक रसायन मिसळतात. त्याचं चालू नाव ६-पीपीडी. हे रसायन रबरातून हळूहळू वर येत राहतं, पृष्ठभागावर पसरतं आणि ओझोन रबरापर्यंत पोचायच्या आत स्वतःच त्याच्याशी भिडतं. त्या झटापटीत ते जळतं म्हणा ना, आणि तपकिरी होतं. तुम्हाला दिसतो तो हा तपकिरी थर.

लोणच्याची बरणी आठवा. वर तेलाचा तवंग असतो तोवर फोडी सुरक्षित, तेल कमी पडलं की बुरशी आलीच. टायरचंही तसंच. फरक इतकाच, की टायर आपला तवंग आतून पुन्हा पुन्हा वर पाठवतो, म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा वरचा जुना थर घासून काढला तर काही बिघडत नाही. दर रविवारी खरवडत बसलात तर मात्र आतला साठा वेळेआधी संपवायला हातभार लावाल. आणखी एक गंमत : हे मेण आणि औषध वर यायला टायर फिरावा लागतो, दबावा-फुलावा लागतो. म्हणून सहा महिने बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाडीचे टायर कमी चाललेले असूनही कडेला भेगाळतात. मुलगा परदेशी आणि गाडी कव्हरखाली, अशी उदाहरणं तुमच्याच सोसायटीत दोन-चार सापडतील.

आता चाक. टायर आणि चाक शेजारी शेजारी असतात म्हणून आपण दोघांना एकाच घासणीनं घासतो, पण जातकुळी पूर्ण वेगळी. टायर रबर, अलॉय ॲल्युमिनियम. साध्या अलॉयवर आधी प्रायमर, मग रंग, त्यावर पारदर्शक लॅकर असतं. तुमच्या डायमंड कटचं तसं नाही. त्याचा दर्शनी भाग लेथवर तासून चकचकीत केलेला असतो आणि त्या उघड्या धातूवर थेट लॅकर मारलेलं असतं, खाली रंगाचा आधार नाही. हे लॅकर साधारण ३० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. त्यावरचं तुमचं सिरॅमिक कोटिंग तर एक-दोन मायक्रॉनचं. इतके पैसे मोजलेत ते एवढ्याशा पापुद्र्याचे, तेव्हा जपायला हवंच.

आपल्या घरातलं ॲल्युमिनियम कुठे आणि कसं खराब होतं, ते आजीला विचारा. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला धुण्याचा सोडा लागला की ते काळवंडतं. बोअरच्या पाण्यानं कुकर आतून काळा पडतो, म्हणून बटाटे उकडताना कुकरच्या तळाला लिंबाची साल टाकायची. क्षारानं काळं पडतं, आंबटानं उजळतं. उजळतं म्हणजे काय, तर वरचा ऑक्साइडचा पापुद्रा विरघळतो. या धातूला क्षारही खातो आणि आम्लही. त्याचं नैसर्गिक कवच साधारण पीएच ४ ते साडेआठ एवढ्याच पट्ट्यात शाबूत राहतं. कपड्यांच्या पावडरीचं पाणी दहाच्या आसपास जातं. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि पावडर कपड्यांपुरतीच ठेवा. त्यांच्या काळातली चाकं लोखंडी होती, वर रंग आणि कडेला क्रोमची झाकणी. तिथं पावडर चालून जायची. चूक त्यांची नाही, चाक बदललंय.

सिरॅमिक कोटिंगचं दुखणं आणखी वेगळं. ते सिलिकाचं, म्हणजे काचेच्या घराण्यातलं. शाळेच्या प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या बाटलीला काचेचं बूच लावत नसत, आठवतं? रबराचं लावायचे. कारण तीव्र क्षार काचेलाही हळूहळू विरघळवतो आणि काचेचं बूच बाटलीला चिकटून बसतं. बरेच जहाल टायर क्लीनर क्षारीय असतात, कारण मेण-तेल-तपकिरी थर काढायला क्षार लागतो. म्हणजे जे टायरला हवं तेच कोटिंगला नको. तुमची पंचाईत खरी आहे, ती मनाची समजूत नाही.

मी स्वतः याचा फटका खाल्लाय. हायवेलगतच्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी लावली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर मुलगा कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून त्यातून काहीतरी पाण्यासारखं चाकांवर शिंपडत होता. विचारलं, ‘काय आहे रे?’ तर म्हणाला, ‘केमिकल.’ चाकं झक्क निघाली. घरी येऊन वाळल्यावर बघतो तर प्रत्येक आऱ्यावर दुधाळ ओघळ. बोटानं पुसून जाईनात, कारण ते डाग नव्हतेच, लॅकरच फिकं झालं होतं. पुढच्या पावसाळ्यात नटांच्या कडेनं लॅकरखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरल्या. लॅकरला एकदा बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं, धातू गंजतो आणि गंज लॅकरला उचलत पुढे सरकतो. मग कितीही धुवा, पोपडे निघत राहतात. त्यावर उपाय एकच, जुनं सगळं उतरवून पुन्हा तासणं आणि लॅकर करणं. चाक पुन्हा पुन्हा तासता येत नाही, दर वेळी धातू कमी होतो.

तेव्हापासून मी एक बाळबोध चाचणी करतो. ती तुम्हालाही सुचवतो, कारण ती तुमच्या स्वयंपाकघरात आहे. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, वहीच्या कोऱ्या कागदावर फासा आणि सावलीत वाळवा. पिवळ्या पट्ट्या कापून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. कुठलाही क्लीनर चाकाजवळ नेण्याआधी त्याचा एक थेंब पट्टीवर टाका, आणि तो पातळ करून वापरायचा असेल तर पातळ केलेल्याचा टाका. पट्टी पिवळीच राहिली तर क्षाराची भीती नाही. लालभडक झाली तर बाटली परत कपाटात. हळद साधारण पीएच आठच्या पुढे लाल व्हायला लागते, आणि ॲल्युमिनियमची सहनशक्ती साडेआठला संपते. इतका सोयीचा योगायोग मी तरी दुसरा पाहिला नाही. शाळेच्या विज्ञानात नैसर्गिक दर्शक म्हणून हळद आणि जास्वंद पाठ केली होती ती अशी कामी येते.

हळद आम्लाबद्दल मात्र बोलत नाही, आम्लातही ती पिवळीच. त्यासाठी बशीत चिमूटभर खायचा सोडा घ्या आणि त्यावर दोन थेंब टाका. फसफसलं तर आम्ल. संडास साफ करायच्या द्रवानं जोरात फसफसेल, तो चाकाला कधीच लावू नका. चाकं ‘एका मिनिटात’ उजळवणाऱ्या काही औद्योगिक द्रावणांत तर फ्लोराइडची आम्लं असतात. ती काचेलाही खातात आणि कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतात. बाटलीवर नाव नाही, लेबल नाही, अशी चीज हातमोज्याशिवाय हाताळूसुद्धा नका.

आता प्रत्यक्ष धुणं. सगळी मेख एका गोष्टीत आहे : क्लीनर टायरवर फवारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा.

गाडी सावलीत लावा, चाकं गार होऊ द्या. वणीच्या गडावरून नांदुरीला उतरलात किंवा कसाऱ्याचा घाट उतरलात तर चाकाशी हात नेला तरी धग लागते. अशा वेळी पाणी मारलं तर तापलेल्या ब्रेक डिस्कला धक्का बसतो, आणि क्लीनर धुवायच्या आत वाळून डाग धरतो. अर्धा-पाऊण तास थांबा, तोवर वडापाव खा.

मग एक चाक घ्या. चारी चाकांना एकदम साबण लावून ठेवू नका, पहिल्याकडे परत येईपर्यंत ते वाळतं. आधी भरपूर साधं पाणी. हे टाळून कोरडं फडकं फिरवणं, आणि ते बहुधा जुनं बनियन असतं, हे कोटिंगचं सगळ्यात मोठं नुकसान. नाशिकच्या धुळीत काय काय असतं पाहा : अंबड-सातपूरला ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा, एकलहऱ्याच्या बाजूला औष्णिक केंद्राची राख, बाकी सगळीकडे रस्त्याच्या कामांची खडी-माती. राखेत सिलिका असते, ती पॉलिश पेपरसारखी घासते. पाणी मारून हे सगळं सुटू द्या. प्रेशर वॉशर असेल तर नोझल टायरपासून किमान एक फूट लांब ठेवा. जवळून मारलेली धार टायरच्या कडेला इजा करू शकते, ती लगेच दिसत नाही आणि नंतर हायवेवर कळते.

चाक भिजलं की चाकाला शांपू : वेगळी बादली, मऊ केसांचा ब्रश किंवा मायक्रोफायबर. शांपूचा फेस चाकावर तसाच राहू द्या, धुवू नका. आता टायर. चाक ओलं आणि फेसाळ असलं की टायरवरून एखादा ओघळ आलाच तर तो पातळ होतो, थेट कोटिंगला भिडत नाही. टायरसाठी वेगळा ब्रश, नायलॉनचा, मध्यम कडक, भांड्यांच्या तारेच्या घासणीच्या वाऱ्यालाही नाही. त्याच्या केसांवर क्लीनरचे दोन फवारे मारा आणि टायरच्या कडेवर छोट्या गोलात घासा. चाकाच्या काठाशी आलात की ब्रश बाहेरच्या दिशेला ओढा, आत ढकलू नका. फेस आधी कॉफीच्या रंगाचा येईल. पाणी मारा, पुन्हा घासा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला फेस पांढरा आला की थांबा, टायर स्वच्छ झाला. तो काळाभोर दिसायला हवा हा हट्ट सोडा. धुतलेला कोरडा टायर मळकट करडा-काळाच दिसतो, तो त्याचा खरा रंग.

शेवटी वरून खाली भरपूर पाणी, नटांच्या खोबणीत आणि टायर-रिमच्या फटीत विशेष. क्लीनर तिथंच दडून बसतो.

हे शेवटचं पाणी कुठलं, याला महत्त्व आहे. आपल्याकडे फ्लॅटमध्ये आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडी धुण्याची चांगली सवय लागलीय. पाणी वाचतं, हे खरं. पण आरओ सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच लोटतो, म्हणजे ते नळाच्या पाण्यापेक्षा जड. बोअरचं पाणी तर मुळातच जड. ते वाळलं की पांढरे ठिपके बसतात आणि उन्हात भाजून कोटिंगला चिकटतात. तेव्हा पहिला हात आरओच्या टाकाऊ पाण्याचा किंवा बोअरचा खुशाल मारा, शेवटच्या दोन बादल्या गंगापूर धरणाच्या नळाच्या पाण्याच्या घ्या आणि मायक्रोफायबरनं लगेच टिपून काढा.

डिझेलबद्दल तुमच्या वॉशिंगवाल्याला प्रेमानं नाही म्हणा. पेट्रोलियम तेलं रबरात मुरतात आणि ते फुगवतात. टायर तासभर आरशासारखा दिसतो, पण रबर मऊ पडतं आणि आतलं मेण-औषधही तेलाबरोबर बाहेर येतं. शिवाय डिझेलचे थेंब ब्रेकच्या डिस्कवर उडाले तर पुढच्या सिग्नलला काय होईल, ते त्यालाच विचारा. काही ठिकाणी पाण्यात ग्लिसरीन कालवून लावतात. त्यानं रबराचं वाईट होत नाही, पण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि त्यावर धूळ पिठासारखी बसते. टायर काळा दिसायलाच हवा असेल तर पाण्यात बनवलेलं टायर ड्रेसिंग घ्या. ते स्पंजवर घेऊन कोरड्या टायरच्या फक्त कडेला लावा, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसा. पुसलं नाही तर पहिल्या किलोमीटरमध्ये ते फिरून दारांवर आणि अलॉयवर उडतं. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीला मात्र चुकूनही लावायचं नाही, ती जागा गुळगुळीत करायची नसते.

ब्रेकच्या काळ्या भुकटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अलॉयची खरी घाण ती. ब्रेक लावला की डिस्कचे लोखंडी कण तापून उडतात आणि लॅकरमध्ये रुततात, मग तिथं गंजतात. पुढची चाकं जास्त काळी होतात, कारण ब्रेक दाबताच गाडीचं वजन पुढे येतं आणि ब्रेकचा मोठा भार पुढची जोडी उचलते. त्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. फवारला की दोन मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाकाला रक्तस्राव झाल्यासारखं वाटलं होतं. त्यातलं मुख्य रसायन केस कुरळे करायच्या द्रावणात असतं त्याच घराण्यातलं, म्हणून वास सडक्या अंड्याचा. ते लोखंडाला पकडतं, लॅकरला नाही, आणि बहुतेक उदासीन असतं. तरी हळदीची पट्टी लावून बघाच. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे.

टायर धुताना त्याची कड वाचायलाही विसरू नका. डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात : २४२३ म्हणजे २०२३ सालचा २४वा आठवडा, टायर जन्माला आला तो. नक्षीच्या खाचांत मध्येच उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर गोटा झाला समजा. मग कितीही स्वच्छ असो, बदलायचा.

याच विषयावर पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलंय. बागेत पिकअप जाते, बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे, शिंतोडे चाकांवर उडतात, अलॉयवर निळसर डाग आणि खाली बारीक खड्डे पडलेत. धुवायचं कशानं?

दादा, तुम्ही हे माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मोरचूद कालवायला तुम्ही प्लास्टिकचा ड्रम का घेता? आणि मिश्रण तयार झालं की त्यात कोयता बुडवून का बघता? पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी, अजून घालायचा. तो तांबूस थर म्हणजे तांबं. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड झिजतं. ॲल्युमिनियमवर हेच होतं, त्याहून जोरात. लॅकर शाबूत असेल तोवर शिंतोडे वरच राहतात, पण खरवडलेल्या जागी तांबं धातूला टेकलं की तिथं खड्डा पडतो. त्यामुळे डाग वाळायच्या आत, त्याच दिवशी, भरपूर पाण्यानं धुणं हाच उपाय. डाग वाळला असेल तर ओलं गोणपाट चाकावर टाकून अर्धा तास भिजू द्या, मग शांपू. आम्ल नको. बागेतल्या गाडीला मी तर साधी लोखंडी चाकं घालीन, पण ती माझी आवड झाली.

सिडकोतून एका चौथीतल्या मुलीनं विचारलंय, सगळे टायर काळेच का? बाळ, रबर मुळात दुधाळ असतं आणि पहिले टायर फिकेच होते. मिशेलिन कंपनीचा १८९८ सालचा टायरबाहुला पांढरा आहे तो त्यामुळेच. पुढे रबरात काजळीसारखी कार्बनची भुकटी घातली तर टायर कितीतरी पट टिकतो हे कळलं, आणि ऊनही त्याला कमी लागतं. तेव्हापासून ते काळे झाले.

ज्यांना गोदावरीच्या काठाला गाडी धुवायची हौस आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. टायरला वाचवणारं ते ६-पीपीडी ओझोनशी भिडून जे बनतं, त्यातलं एक द्रव्य पावसाच्या पाण्याबरोबर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ओढ्यांत जातं आणि तिथले कोहो जातीचे सामन मासे त्यानं मरतात, हे डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. अनेक वर्षं कोडं होतं, गुन्हेगार टायर निघाला. तेव्हा तपकिरी फेसाची ती बादली रामकुंडाच्या खालच्या अंगालाही ओतू नका.

राहिलं पंचवटीतल्या आजोबांचं पत्र. ते लिहितात, दसऱ्याला चाकांवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ चाकावरच फोडला. दुसऱ्या दिवशी नातवानं साबणानं धुतलं तर डाग जाण्याऐवजी लाल झाला. अपशकुन तर नाही ना?

नाही हो आजोबा. तुमच्या नातवाच्या साबणानं तुमची हळद लाल झाली, वर सांगितलेली पट्टीची चाचणी त्यानं नकळत अख्ख्या चाकावर केली. कुंकूसुद्धा पूर्वी हळदीला चुना लावूनच करायचे, तीच किमया. आता करायचं ते इतकंच : साध्या शांपूनं साबण धुऊन काढा म्हणजे लाल पुन्हा पिवळा होईल, मग गाडी दोन-तीन दिवस उन्हात उभी करा. हळदीच्या डागाला ऊन पुरतं, साडीवरच्या डागाला आजी तेच करत असतील. बाजारातल्या स्वस्त कुंकवात मात्र कृत्रिम रंग असतो, तो उन्हानं जात नाही, म्हणून पुढच्या दसऱ्याला स्वस्तिक चाकाऐवजी बॉनेटवर काचेखालच्या पट्टीला काढा, किंवा चाकावर काढायचंच असेल तर टायरच्या रबरावर. नारळ चाकावर आपटू नका. करवंटीची कड लॅकरला टवका पाडते आणि गोड पाणी नटांच्या खोबणीत सुकून चिकटतं. चाकासमोर जमिनीवर, दगडावर फोडा. चाकाखालचं लिंबू खुशाल ठेवा. आंबट असलं तरी ते नक्षीखाली चिरडतं, अलॉयपर्यंत पोचत नाही.